नव्या मोटारीतला मदतनीस आणि जुना चालक

न्यासाच्या महोत्सवी वर्षात पदाधिकाऱ्यांनी जी कामे हाती घेतली, त्यांत न्यासाची जुनी मोटार बदलणे हेही एक होते. वृद्ध सभासदांना दवाखान्यात नेणे-आणणे, वसतिगृहातील एखादे मूल आजारी पडल्यास रात्री-अपरात्री धावणे, व्याख्यानमालेच्या पाहुण्यांना बेळगाव स्टेशनावरून घेऊन येणे, ही कामे त्या गाडीने पुष्कळ वर्षे इमानाने केली. नवी गाडी घ्यावी याबद्दल दुमत नव्हते. मतभेद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. आपण होऊन ब्रेक लावणारी, पट्टा सोडला की स्टिअरिंग मागे ओढणारी, डुलकी लागली की चालकाला जागे करणारी अशी गाडी घ्यावी की साधी घ्यावी? तरुण सभासद म्हणाले, ‘अशीच घ्या.’ काही ज्येष्ठ म्हणाले, ‘यंत्राच्या हाती जीव कशाला द्यायचा?’ आणि ज्यांना ती चालवायची, ते आपले चालक मामा कोपऱ्यात गप्प बसून होते. त्या चर्चेनंतर या विषयाची उकल करून सांगण्याचे काम स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडे दिले. मी इंजिनिअर नव्हे. चाळीस वर्षे मोटार चालवलेला एक सभासद एवढाच माझा अधिकार.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पुढच्या काचेच्या वरच्या बाजूस, आतल्या आरशामागे, एक कॅमेरा असतो. बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीत किंवा बंपरमागे रडारही असते. ते रेडिओलहरी सोडते आणि पुढच्या वाहनावर आपटून परत आलेल्या लहरींवरून त्याचे अंतर व वेग ओळखते. कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे, माणसे आणि वाहनांचे आकार ओळखतो. या दोघांकडून आलेली माहिती एक लहानसा संगणक क्षणाक्षणाला जुळवतो आणि गरज वाटल्यास चालकाला इशारा देतो, ब्रेक लावतो किंवा स्टिअरिंग किंचित वळवतो. या साऱ्याला ‘चालक-साहाय्य’ म्हणतात. आपल्या देशात २०२० नंतर अशा मोटारी हळूहळू वाढू लागल्या आणि आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही ही सोय मिळते.

ही कल्पना मात्र तितकी नवी नाही. ठरवलेला वेग आपोआप कायम राखणारे यंत्र अमेरिकेतील राल्फ टीटर यांनी शोधले. त्याचे पेटंट त्यांना १९५० साली मिळाले आणि १९५८ सालच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत ते प्रथम बसले. टीटर पाचव्या वर्षापासून अंध होते! त्यांचे वकील बोलता बोलता गाडी हळू करीत आणि ऐकताना वेग वाढवीत. त्या हिसक्यांना कंटाळून टीटरना ही युक्ती सुचली, असे सांगतात. पुढे १९७८ साली चाके न अडकू देणारे आधुनिक ब्रेक, म्हणजे आजचे एबीएस, मोटारीत आले. त्या ब्रेकवर जोराने पाय दिला की पेडल थरथरते. पुष्कळांना वाटे की काही बिघडले, आणि नेमक्या वेळी ते पाय काढून घेत. आज तेच ब्रेक आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचे आहेत आणि त्यांची कोणाला भीती वाटत नाही. तेव्हा नव्या गोष्टीविषयीचा आपला अविश्वास काही अंशी सवयीचा प्रश्न असतो, हे मान्य केले पाहिजे.

आता फायद्याचा हिशेब करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. पुढे अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. यंत्राने यांतला एक सेकंद वाचवला तरी २२ मीटर वाचले. पाच मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढे अंतर होईल, तेवढे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने अपघातांची छाननी केली, तेव्हा आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांत पुढच्या वाहनावर मागून आदळण्याचे प्रमाण निम्म्याने कमी आढळले. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर दगावली. त्यांपैकी थोड्यांचाही जीव वाचत असेल, तर ‘कशाला हवे हे?’ असे म्हणणे आपल्याला शोभत नाही.

मग चालक कुरकुर का करतात? त्यांची कुरकुर अगदीच निराधार नाही.

पहिली तक्रार आवाजाची. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडील नव्या मोटारींत ताशी ८० किलोमीटरच्या वर गेले की टिकटिक होते आणि १२० च्या वर ती थांबतच नाही. त्यात आता पट्टा सोडल्याचा, पुढचे वाहन जवळ आल्याचा, लक्ष विचलित झाल्याचा अशा नव्या इशाऱ्यांची भर पडली. इशारे फार झाले की माणूस ऐकेनासा होतो. रोज ओरडणाऱ्या मास्तरांचे वर्गात जे होते तेच. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेचा इशारा सक्तीचा झाला आहे. तो बंद करता येतो, पण गाडी पुन्हा सुरू केली की पुन्हा जागा होतो. तिकडचे चालकही त्यावर आपल्याइतकेच वैतागलेले आहेत. पट्टा सोडल्याचा इशारा तर अमेरिकेतील पुष्कळ चालक बंदच करून ठेवतात, असे वर सांगितलेल्या संस्थेलाच आढळले.

दुसरी तक्रार आपल्या रस्त्यांची. यंत्र पांढऱ्या पट्ट्यांवर विसंबते. पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर ते आहेत. पण चोर्ला घाटातून गोव्याला उतरताना पावसाळी धुक्यात ते कोठे शोधायचे? पुढच्या गाडीपासून योग्य अंतर ठेवून चालणारी सोय चालू केली, तर त्या मोकळ्या जागेत लगेच कोणीतरी दुचाकी घुसवतो. आपली गाडी पुन्हा मागे सरते आणि मागचा हॉर्न वाजवतो. कधी रस्त्यावर काहीच नसताना, एखादी सावली किंवा वळणावरचा कठडा पाहून, गाडी एकाएकी ब्रेक लावते. मागून भरलेला ट्रक येत असेल तर तो क्षण काळजाचा ठोका चुकवणारा असतो.

तिसरी गोष्ट आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. हंगामात संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ऊस दोन्ही बाजूंनी व मागे इतका लोंबत असतो की मागचा दिवा असला तरी दिसत नाही. कॅमेऱ्याला नेहमीच्या वाहनाचा आकार ओळखायला शिकवलेले असते; उसाच्या त्या ढिगाला तो वाहन म्हणून ओळखेलच, अशी खात्री नाही. शिवाय रस्त्याकडेचे खांब, पाट्या, पूल यांवरूनही रडारच्या लहरी परत येतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लावून चालणार नाही, म्हणून वेगात असताना स्थिर वस्तूंना काही यंत्रणा कमी महत्त्व देतात. उभ्या वाहनाच्या बाबतीत यंत्रावर विसंबू नका, असे बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते. पण ती पुस्तिका वाचतो कोण?

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. जाणकारांनी स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. आपल्याकडे विकत मिळणाऱ्या या मोटारी पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच्या आहेत. या पायऱ्यांवर गाडी फक्त हातभार लावते. रस्त्यावर नजर ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच असते.

आणि येथेच खरी अडचण आहे. लिझान बेनब्रिज या विदुषींनी १९८३ साली स्वयंचलनातील विसंगतींवर एक निबंध लिहिला. त्यातील विचार असा, की यंत्र सोपे काम स्वतः करते आणि अवघड प्रसंग तेवढा माणसावर सोपवते. पण सोपे काम हातून गेल्यामुळे माणसाचा सराव सुटतो, लक्ष ढिले पडते, आणि अवघड प्रसंगी तो पूर्वीपेक्षा कमी पडतो. तो निबंध मोटारींसाठी लिहिलेला नव्हता, पण मोटारींना तंतोतंत लागू पडतो.

याचा अनुभव मी स्वतः घेतला, तो सांगतो. मुलाने पुण्याहून आणलेली नवी गाडी चार महिने मी चालवली. तिच्या बाजूच्या आरशात, शेजारून वाहन येत असले की, एक लहान पिवळा दिवा लागतो. पहिल्या आठवड्यात मी त्याला हसलो. दुसऱ्या महिन्यात त्याच्यावर विसंबू लागलो, आणि हे मला कळलेही नाही. पुढे एकदा घरची जुनी गाडी घेऊन खानापूरला निघालो. पुढच्या टेम्पोला ओलांडायचे म्हणून सवयीने आरशाच्या कोपऱ्यात पाहिले. दिवा लागलेला नव्हता, म्हणून गाडी उजवीकडे घेतली. त्याच क्षणी एका मोटारसायकलवाल्याचा हॉर्न आणि मागे बसलेल्या बाईची किंकाळी कानांवर आली. मी स्टिअरिंग परत ओढले. ते दोघे हातभर अंतरावरून पुढे गेले. त्या जुन्या आरशात दिवा लागणार कसा? तो तेथे नव्हताच! आरशात दिसत असलेली माणसे सोडून मी दिवा शोधत होतो. चाळीस वर्षांची सवय चार महिन्यांत पुसली गेली होती. घरी येऊन मुलाला सांगितले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘बाबा, माझंही असंच होतं. मी कुणाला बोललो नव्हतो.’

म्हणून सभासदांच्या घरी अशी गाडी आली असेल किंवा येणार असेल, तर काही गोष्टी सुचवतो. गाडी घेताना विक्रेत्याकडून प्रत्येक सोय मोकळ्या रस्त्यावर चालवून समजून घ्या; नुसती नावे ऐकून घेऊ नका. कोणती सोय कोठे बंद करता येते, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या. घाटात आणि गावातल्या गर्दीत अंतर राखून चालणारी सोय वापरू नका. आणीबाणीच्या ब्रेकची सोय मात्र कधी बंद करू नका. पुढची काच व बंपर स्वच्छ ठेवा; चिखल बसला की यंत्र आंधळे होते. काच बदलल्यास कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, हे विसरू नका. हात स्टिअरिंगवरून काढू नका. आणि जुन्या गाडीत बसताना स्वतःला एकदा बजावून सांगा, की येथे मदतनीस नाही.

न्यासाच्या गाडीचे पुढे काय झाले, हे सभासदांना ठाऊक आहेच. दुसऱ्या सभेत अध्यक्षांनी चालक मामांना त्यांचे मत विचारले. ते म्हणाले, ‘साहेब, रात्री दोन वाजता पेशंटला घेऊन धारवाडहून परत येताना डोळ्यांवर झापड येते. तेव्हा कुणी हाक मारली तर बरंच आहे. पण एकदा ते समोर बसून नीट शिकवायला सांगा. न कळणाऱ्या माणसाला शेजारी बसवून मी गाडी चालवत नाही.’ त्यावर चर्चा संपली. साहाय्याची सोय असलेली गाडी घेण्याचे ठरले, आणि मामांच्या दोन दिवसांच्या शिकवणीची अट विक्रेत्याला घालण्यात आली. सोय की साधेपणा, एवढाच आपण वाद घालत होतो. चालकाला शिकवण्याची गोष्ट आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती. आपल्या घरीही गाडी येईल, तेव्हा पूजेचा नारळ फोडून झाल्यावर तासभर ती पुस्तिका सर्वांनी मिळून वाचावी, एवढीच विनंती.