‘पोट साफ होत नाही’ म्हणजे नेमकं काय?

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक साधं कोडं सोडवा. दवाखान्यात दोघं जण आले. पहिला म्हणतो, “चार दिवसांतून एकदाच होते, पण त्रास काही नाही.” दुसरी म्हणते, “रोज जाते, पण अर्धा तास कुंथावं लागतं. तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही.” बद्धकोष्ठता कोणाला?

तुमच्या प्रश्नावलीत ‘आठवड्यातून किती वेळा?’ एवढंच विचारलं असेल, तर पहिला रुग्ण ठरतो आणि दुसरी निरोगी. व्याख्या चुकली की आकडे कितीही काटेकोर मोजा, निष्कर्ष चुकणारच.

2016 च्या ‘रोम 4’ निकषांत सहा लक्षणं आहेत: कुंथावं लागणं, खडा होणं (ब्रिस्टल तक्त्यातला प्रकार 1 किंवा 2), पूर्ण न झाल्याची भावना, गुदद्वाराशी अडल्यासारखं वाटणं, बोटाने किंवा हाताने मदत घ्यावी लागणं आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा आपसूक शौचाला होणं. यांपैकी किमान दोन हवीत. पहिली पाच लक्षणं दर चारांतल्या एकापेक्षा जास्त वेळा दिसायला हवीत. त्रास किमान 6 महिन्यांपूर्वी सुरू झालेला असावा आणि मागचे 3 महिने निकष पूर्ण होत असावेत. शिवाय रेचक न घेता पातळ शौच क्वचितच होत असावं आणि आयबीएसचे निकष लागू होत नसावेत.

आता परत कोड्याकडे या. पहिल्याचं लक्षण एकच, तो निकषात बसत नाही. दुसरीची दोन आहेत. बाकीच्या अटी जुळल्या, तर रुग्ण तीच!

पण थांबा, आधी कारण तपासायचं. थायरॉइड कमी असणं, मधुमेह, पार्किन्सन, लोहाच्या गोळ्या, अफूजन्य वेदनाशामकं, मोठ्या आतड्याचा कर्करोग यांमुळे होते ती दुय्यम बद्धकोष्ठता. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय दिसली, तर प्रश्नावली बाजूला ठेवा आणि त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पाठवा.

असं कारण नसेल तर ती प्राथमिक. तिचे ढोबळ तीन प्रकार: आतड्याची गती नेहमीसारखी असलेली, गती मंदावलेली, आणि बाहेर टाकताना अडणारी. तिसऱ्यात कुंथताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळतात. तिथे नुसता चोथा वाढवून सहसा भागत नाही. स्नायूंना नव्याने वळण लावणारी बायोफीडबॅक पद्धत उपयोगी पडते. तिन्ही प्रकार एकाच गटात कोंबून औषध तपासलं, तर एका प्रकारातला खरा फायदा सरासरीत हरवून जातो.

म्हणून मुलाखत घेताना ‘पोट साफ होत नाही’ ऐकलं की लगेच खूण करू नका. विचारा, “म्हणजे नेमकं काय होतं?” लोक लाजतात, वेळ द्या. तुमचा खरा डेटा त्या उत्तरातच आहे.