माया डेरेन : एका कलावंताचे चित्रपटरूप चरित्र



मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. अशा माणसाने प्रयोगशील चित्रपटाविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ‘इन द मिरर ऑफ माया डेरेन’ हा अनुबोधपट पाहिला. कलावंताचे चरित्र पाहायला म्हणून गेलो होतो. पडद्यावर मला एक राबणारी कार्यकर्तीही भेटली.

हा अनुबोधपट मार्टिना कुडलाचेक या ऑस्ट्रियन दिग्दर्शिकेने २००१ साली पुरा केला. तो जिच्याविषयी आहे त्या माया डेरेन यांचा जन्म १९१७ साली कीव्ह शहरी झाला. १९२२ साली त्यांचे कुटुंब अमेरिकेत आले. विद्यार्थीदशेत डेरेनबाईंनी समाजवादी युवक संघटनेचे काम केले. पुढे कॅथरिन डनहॅम या नर्तिकेच्या चिटणीस म्हणून त्या तिच्या पथकाबरोबर हिंडल्या. मूळ नाव एलिनोरा. ‘माया’ हे नाव त्यांनी १९४३ च्या सुमारास घेतले. तो शब्द आपलाच. त्याचा अर्थ आपल्याला सांगायला नको.

त्याच वर्षी वडिलांच्या पश्चात आलेल्या पैशातून त्यांनी सोळा मिलिमीटरचा एक जुना बोलेक्स कॅमेरा घेतला. हा कॅमेरा किल्लीचा. एकदा किल्ली दिली की सुमारे अर्धा मिनिट चालतो. मग पुन्हा किल्ली. पती अलेक्झांडर हॅमिड यांच्यासह, लॉस एंजेलिसमधील राहत्या घरी, त्यांनी ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा चौदा मिनिटांचा चित्रपट तयार केला. खर्च सुमारे २७५ डॉलर. हॉलीवूडचे प्रचंड कारखाने त्याच शहरात होते. पण या चित्रपटाला ना मालक, ना पगारी नट. बाईंनी स्वतःच भूमिका केली.

अशा चित्रपटात ‘प्रयोग’ तो काय असतो? एक उदाहरण देतो. १९४५ च्या एका छोट्या चित्रपटात टॅली बीटी हा नर्तक रानात पाय उचलतो. तोच पाय टेकतो तो घरातल्या खोलीत. पाऊल एक, जागा दोन. रंगमंचावर हे शक्य नाही. इथे ते केवळ फितीचे दोन तुकडे नेमक्या जागी जोडल्याने साधते. गोष्ट सांगण्यापेक्षा, जे फक्त चित्रपटालाच करता येते ते करून पाहायचे, हा त्यांचा ध्यास होता.

पण हत्यार आपले झाले म्हणजे माणूस स्वतंत्र झाला, असे नव्हे. माल खपवणारी पेठ दुसऱ्याच्या हातात असेल, तर स्वातंत्र्य कपाटातच राहते. हे डेरेनबाईंनी ओळखले होते. १९४६ च्या फेब्रुवारीत त्यांनी न्यूयॉर्कमधील प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस भाड्याने घेतले आणि आपले चित्रपट आपणच दाखवले. त्या महाविद्यालयांतून व्याख्याने देत हिंडल्या, लेख लिहिले, आपल्या चित्रपटांच्या प्रती स्वतः पाठवल्या. त्यांचे खेळ पाहिलेल्या एमस व्होगल यांनी पुढल्याच वर्षी, पत्नीच्या साथीने, त्याच सभागृहात ‘सिनेमा १६’ ही सभासदांची फिल्म सोसायटी सुरू केली. वर्गणी भरून सभासद झालेला प्रेक्षक म्हणजे काय चीज असते, हे युनियनच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही!

अनुबोधपटाचे मोठेपण असे की तो हा सारा खटाटोप झाकत नाही, आणि जे अपुरे राहिले तेही झाकत नाही. १९४७ पासून बाई अनेकदा हैतीला गेल्या. तेथील व्होडू उपासनेतील नृत्ये त्यांनी चित्रित केली. आपल्या कल्पनेच्या साच्यात हे जग बसणार नाही, असे त्यांना तेथे उमगले. १९५३ साली त्यांचे त्यावरील पुस्तक निघाले. चित्रपट मात्र त्यांच्या हातून पुरा झाला नाही. १३ ऑक्टोबर १९६१ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या.

चाळीस वर्षांनंतर त्यांचे चरित्र उभे करायचे ते कशातून? कुडलाचेकबाईंनी १९९६ साली हॅमिड यांच्यावर चित्रपट केलेला होता. आता त्या डेरेनबाईंच्या जुन्या सोबत्यांकडे गेल्या. हॅमिड, डनहॅम, व्होगल, जोनास मेकस, स्टॅन ब्रॅकेज हे सारे पडद्यावर बोलतात. जुन्या फितींतून डेरेनबाईंचा स्वतःचा आवाजही ऐकू येतो. आता पुढील वर्षे पाहा : ब्रॅकेज २००३ साली गेले, हॅमिड २००४ साली, डनहॅम २००६ साली. हे काम दहा वर्षे लांबणीवर पडते, तर यांतल्या कुणाचेच बोलणे त्यात आले नसते.

हे पाहताना मला आमच्या युनियनचे एक जुने खजिनदार आठवले. त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, असे मी दर रविवारी ठरवत होतो. दर रविवारी कुठली तरी सभा आड येई. ते गेले, तेव्हा शोकसभेत मी वीस मिनिटे बोललो. त्यागी, निष्ठावंत, सगळी विशेषणे वापरली. पण पहिल्या संपात, घरोघरी चूल थंड असताना, त्यांनी वर्गणी कशी जमवली, ते मला सांगता आले नाही. ते फक्त त्यांनाच ठाऊक होते.

गौरवाची भाषणे माणूस गेल्यावरही करता येतात. त्याचे काम कसे चालले, हे मात्र ज्यांनी पाहिले ते हयात आहेत तोवरच विचारून घ्यावे लागते. आपल्या गावातही अशी माणसे आहेत : जुने नट, तबलजी, शिक्षक, छापखान्यातले जुळारी. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्याला किल्लीही द्यावी लागत नाही. व्याख्यान संपवून घरी जाताना आपण एकेकाने अशा एका माणसाचे नाव मनाशी धरावे आणि येत्या रविवारी त्याच्या घरी जावे, एवढीच माझी विनंती आहे.