शासनावरील दावे आणि तडजोडीचा अधिकार

शासनाच्या नोकराच्या हलगर्जीपणामुळे नागरिकाचे नुकसान झाले, तर ते शासनाने भरून द्यावे की नाही, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. त्या मानाने दुसरा एक प्रश्न दुर्लक्षित राहिला आहे. भरपाई देणे न्याय्य आहे असे दिसून आल्यावर, ‘हे पैसे आम्ही देतो’ असे शासनाच्या वतीने म्हणण्याचा अधिकार कोणाला असावा? पेढीचा मालक आपल्या मनाने तडजोड करू शकतो. शासनाला असा एक मालक नसतो. त्याचा पैसा लोकांचा असतो आणि तो खर्च करणारा प्रत्येक अधिकारी दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने वागत असतो. म्हणून तडजोडीचा अधिकार कोणी, कोणाला व किती मर्यादेपर्यंत सोपवावा, ही बाब वरवर कचेरीतील तपशिलाची वाटली तरी नागरिकाच्या हक्काचे प्रत्यक्ष मोल तिच्यावरच ठरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाची उकल कशी होत गेली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

सार्वभौम सत्तेवर तिच्या संमतीवाचून दावा लावता येत नाही, हे तत्त्व अमेरिकेने इंग्लंडकडून घेतले. १८५५ साली दाव्यांसाठी एक खास न्यायालय स्थापन झाले. परंतु अपकृत्यांचे, म्हणजे हलगर्जीपणा वगैरेंमुळे झालेल्या नुकसानीचे दावे त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. अशा माणसाला एकच वाट उरे: आपल्या भागातील प्रतिनिधीला गाठून काँग्रेसपुढे खाजगी विधेयक आणावयाचे. परिणामी राष्ट्राची विधिसभा मोटारीच्या धडकेचे हिशेब तपासण्यात गुंतून पडे. १९२२ च्या एका कायद्याने खातेप्रमुखांना एक हजार डॉलरपर्यंतच्या मालमत्तेच्या नुकसानीचे दावे निश्चित करण्याची मुभा दिली. तथापि पैसे मिळण्यासाठी ती रक्कम पुन्हा काँग्रेसकडे पाठवावी लागे. निर्णय एकाकडे आणि थैली दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था होती.

२८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात अमेरिकन सैन्याचे एक बाँबफेकी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर आदळले आणि चौदा माणसे मृत्युमुखी पडली. अपकृत्यांसंबंधीच्या कायद्याची चर्चा त्यापूर्वी दोन दशकांहून अधिक काळ चालू होती. त्यामुळे तो केवळ या अपघातामुळे झाला असे म्हणता येणार नाही. पण २ ऑगस्ट १९४६ रोजी संमत झालेला संघीय अपकृत्य दावे अधिनियम १ जानेवारी १९४५ पासूनच्या दाव्यांना लागू करण्यात आला आणि त्यामुळे या दुर्घटनेतील पीडितांनाही त्याचा आधार मिळाला. ज्या दाव्यांसाठी ही नवी वाट खुली झाली, त्यांच्यासाठी खाजगी विधेयके आणण्यास त्याच वेळी बंदी करण्यात आली.

या कायद्याने न्यायालयाचे दार उघडले, परंतु खात्यांचे हात बरेचसे बांधलेलेच ठेवले. खातेप्रमुखाला एक हजार डॉलरपर्यंतचेच दावे मिटविता येत; १९५९ साली ही मर्यादा अडीच हजारांवर नेण्यात आली. समजा, टपालखात्याच्या मोटारीने एका वाण्याच्या दुकानाची दर्शनी बाजू मोडली आणि नुकसान पाच हजार डॉलरचे आहे. चूक चालकाची आहे, हे खात्यालाही मान्य आहे. तरीही वाण्याने प्रथम दावा लावलाच पाहिजे. मग न्यायखात्याने तडजोडीची बोलणी करावी आणि तिला न्यायालयाची संमती घ्यावी. ज्या प्रकरणात वादच नाही त्यालाही वादाचे रूप द्यावे लागे. न्यायालयांवर भार वाढे, वकिलाचा खर्च वाढे आणि विलंबाची झळ ज्याला सर्वांत कमी सोसते त्यालाच ती लागे.

१९६६ च्या दुरुस्तीने या व्यवस्थेचा पायाच बदलला. नागरिकाने आपला दावा प्रथम संबंधित खात्याकडे, निश्चित रक्कम नमूद करून, दोन वर्षांच्या आत दाखल केला पाहिजे असे ठरले. खात्याला निर्णयासाठी सहा महिने मिळतात. तेवढ्या काळात उत्तर आले नाही, तर ते मौन म्हणजे नकार असे समजून नागरिकाला न्यायालयात जाता येते. दावा खात्यापुढे नेण्याची ही सक्ती करताना विधिमंडळाने खात्याला तडजोडीचा अधिकारही दिला, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. खातेप्रमुखाला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला कितीही रकमेचा दावा मिटविता येऊ लागला. मात्र रक्कम पंचवीस हजार डॉलरपेक्षा अधिक असल्यास महान्यायवादीची, म्हणजे न्यायखात्याच्या प्रमुखाची, पूर्वलेखी मान्यता आवश्यक ठरली. पुढे १९९० साली महान्यायवादीने खातेप्रमुखांना याहून मोठी मर्यादा ठरवून देण्यासही मुभा मिळाली. तिलाही एक कुंपण घातलेले आहे: संघीय सरकारी वकिलांना तडजोडीचा जेवढा अधिकार महान्यायवादीने दिला असेल, त्यापलीकडे खात्याचा अधिकार जाऊ शकत नाही.

अधिकार सोपविला म्हणजे देखरेख सोडली असे नव्हे. पाच हजार डॉलरपेक्षा अधिक देणे असेल, तर खात्याच्या विधी अधिकाऱ्याने प्रकरण तपासलेच पाहिजे. रक्कम लहान असूनही तिच्यातून कायद्याचा नवा मुद्दा किंवा धोरणाचा प्रश्न उद्भवत असेल, अथवा तिच्यामुळे दुसऱ्या मोठ्या दाव्याचा निकाल बांधला जाणार असेल, तर न्यायखात्याचा सल्ला घ्यावा लागतो. म्हणजे प्रकरण वरच्या पायरीवर न्यावयाचे की नाही, हे केवळ रकमेवर ठरत नाही; निर्णयाचे पडसाद कोठवर उमटतील, हेही पाहावे लागते.

आपल्याविरुद्धच्या दाव्यात खाते स्वतःच न्यायाधीश होते, असा आक्षेप यावर घेता येईल. त्याचे उत्तर निर्णयाच्या बंधनात आहे. खात्याने दिलेला निवाडा, तो लबाडीने मिळविलेला नसेल तर, शासनाच्या सर्व अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो. नागरिकावर मात्र तो त्याने स्वीकारल्यावरच बंधनकारक होतो. त्याने तो नाकारला तर न्यायालय मोकळे असते. खात्याने लेखी नकार कळविल्यास त्यानंतर सहा महिन्यांत दावा लावावा लागतो, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अडीच हजार डॉलरपर्यंतची भरपाई खात्याच्या स्वतःच्या तरतुदीतून जाते. त्यावरची १९५६ साली निर्माण केलेल्या कायम निवाडा निधीतून दिली जाते. त्यामुळे पैसे मिळण्यास विलंब होत नाही हे खरे, पण मोठ्या चुकीचा भार ती करणाऱ्या खात्याच्या अंदाजपत्रकावर पडत नाही. लहान चूक खात्याला जाणवावी आणि मोठी जाणवू नये, ही विसंगती या व्यवस्थेत राहून गेली आहे.

आपल्याकडील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० शी याची तुलना केल्यास मूळ मुद्दा स्पष्ट होईल. १९०८ च्या या संहितेनुसार शासनावर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हेतू तोच: शासनाने विचार करावा आणि न्याय्य मागणी दाव्याविना पुरी करावी. परंतु नोटीस घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्या कलमाने तडजोडीचा कोणताही अधिकार दिलेला नाही आणि रक्कम कोणत्या निधीतून द्यावी हेही सांगितलेले नाही. अशा नोटिशींना बहुधा उत्तरच दिले जात नाही, आणि दिलेच तर ते मोघम असते, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम वकील संघाच्या प्रकरणात घेतली आणि उत्तराची जबाबदारी असलेला अधिकारी नेमण्याचे आदेश शासनांना दिले. हा आदेश उपयुक्त होता; तथापि उत्तर देण्याची जबाबदारी ही एक गोष्ट आहे आणि ‘देतो’ असे म्हणण्याचा अधिकार ही दुसरी. ज्याला केवळ नकारच देता येतो, त्याच्या दारी नागरिकाला थांबविणे म्हणजे न्यायाला मुदत घालणे होय.

अमेरिकन व्यवस्था निर्दोष नाही, आणि ती जशीच्या तशी उचलावी असेही सुचवावयाचे नाही. पण तिच्या इतिहासातून एक नियम निघतो. दाव्यापूर्वी थांबण्याची सक्ती नागरिकावर करावयाची असेल, तर तेवढ्या काळात निर्णय करू शकणारा, मर्यादा माहीत असलेला आणि निधी हाताशी असलेला अधिकारी समोर बसविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १९२२ च्या कायद्यात निधी नव्हता, १९४६ च्या कायद्यात पुरेशी मर्यादा नव्हती. १९६६ साली या गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच थांबण्याच्या सक्तीला काही न्याय्य अर्थ प्राप्त झाला.