‘पळ’चे ‘फळ’ कसे होते : दोन व्होल्टेजच्या रॅमची गोष्ट

सोलापुरातल्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात जुना लॅपटॉप नेला की पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो : रॅम वाढवून घ्या. सल्ला वावगा नसतो. आतला एक स्लॉट रिकामा असला, तर दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपमधून काढलेली पट्टी तिथे बसते, यंत्र सुरू होते, पडद्यावर चारऐवजी आठ जीबी दिसतात आणि गिऱ्हाईक खुशीत घरी जाते. मात्र एका पट्टीवर ‘पीसी३’ आणि दुसरीवर ‘पीसी३एल’ असे छापलेले असेल, तर ‘सुरू झाला’ आणि ‘भरवशाने चालतो’ या दोन वेगळ्या गोष्टी ठरू शकतात. जुन्या नियतकालिकांतला मजकूर संगणकावर उतरवणाऱ्या माझ्यासारख्याला हा फरक समजून घेणे भाग पडले.

रॅमचा एकेक कप्पा म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. कप्प्यात भार आहे की नाही, यावरून १ किंवा ० वाचला जातो. हा भार सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले, तर ३२ मिलिसेकंदांच्या आत. आठ जीबीच्या रॅममध्ये असे सुमारे ६,८७२ कोटी कप्पे असतात.

या सगळ्याला लागणारे व्होल्टेज पिढीगणिक उतरत गेले आहे. डीडीआर२ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२ आणि डीडीआर५ला १.१. डीडीआर३ची कमी वीज खाणारी धाकटी बहीण म्हणजे डीडीआर३एल, तिला १.३५ व्होल्ट पुरतात. डीडीआर३ची पट्टी डीडीआर४च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, कारण खाच वेगळ्या जागी असते. पण डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांची खाच एकाच जागी आहे. त्यामुळे चुकीची पट्टी बसवताना हाताला काहीच अडत नाही.

आता या दोघी शेजारी बसल्या की काय होते? इथे आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण उपयोगी पडते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी थेट जोडले गेले. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी मध्ये परिवर्तक बसवून विजेची देवाणघेवाण होत असे. दोन्ही बाजूंची वारंवारिता वेगळी असली तरी चालत असे. थेट जोडणीनंतर साऱ्या देशाची वारंवारिता एक झाली. तिथला प्रश्न वारंवारितेचा होता, रॅममधला व्होल्टेजचा आहे. पण तत्त्व तेच. मध्ये परिवर्तक नसेल, तर दोघांना एका आकड्यावर यावे लागते. लॅपटॉपचे दोन्ही रॅम-स्लॉट सहसा एकाच पुरवठ्यावर असतात.

तो आकडा बायोस ठरवतो. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. तिच्यात पट्टीचा वेग आणि तिला चालणारे व्होल्टेज नोंदलेले असते. दीड व्होल्ट देऊ शकणाऱ्या यंत्रात मिश्र जोडी बसवली, तर दोघींना दीड व्होल्ट मिळतात. डीडीआर३एलला ते चालतात, कारण तिची घडण दोन्ही व्होल्टेजसाठी केलेली असते. वेग मात्र दोघींपैकी संथ असेल तिचा.

उलट बाजू अडचणीची. बरेच लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टच देतात. साध्या डीडीआर३ची मान्य मर्यादा १.४२५ ते १.५७५ व्होल्ट, म्हणजे ती तिथे उपाशीच राहते. तारांवर ० आणि १ यांची सीमारेषा पुरवठ्याच्या निम्म्यावर असते : दीड व्होल्टला ०.७५, तर १.३५ला ०.६७५. पुरवठा उतरला की या रेषेच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागाही आक्रसते. काही वेळा यंत्र सुरूच होत नाही. ते एका अर्थी बरे. सुरू होऊन अधूनमधून चुकते, ते वाईट.

किती वाईट, हे आपल्या लिपीतच पाहता येते. युनिकोडमध्ये ‘प’ आणि ‘फ’ यांच्या क्रमांकांत एकाच बिटाचा फरक आहे. तो बिट उलटला की ‘पळ’चे ‘फळ’ होते. ‘त’ आणि ‘थ’ तसेच : ‘ताट’चा ‘थाट’. ‘क’ आणि ‘ग’ तसेच : ‘काळ’चा ‘गाळ’. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली इथे गप्प बसते, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. देवनागरी ‘०’ आणि ‘१’ यांतही एकच बिट. सनावळीतला असा बदल कोण पकडणार?

म्हणून चाचणी. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालतो. तो ठरावीक नमुने कप्प्यांत लिहितो, वाचतो, उलटे करून पुन्हा लिहितो. माझी रीत अशी : आधी प्रत्येक पट्टी एकेकटी, मग दोन्ही एकत्र, रात्रभर किमान चार फेऱ्या, आणि पुन्हा भर दुपारी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि गरम चिपमध्ये भार लवकर गळतो. फक्त १.३५ व्होल्ट देणाऱ्या एका लॅपटॉपमध्ये मिश्र जोडीने रात्री चारही फेऱ्या निर्दोष दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या फेरीत एक बिट उलटा निघाला. इथे ‘फक्त एक’ असे म्हणायची सोय नाही. चूक शून्य, तरच पट्टी उत्तीर्ण. आणि शून्य चुका हाही कायमचा दाखला नव्हे, तेवढ्या तासांचाच.

टोरांटो विद्यापीठ आणि गुगल यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये गुगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे वर्षाकाठी आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत किमान एक चूक आढळली होती. त्या सर्व्हरांत चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम होती. घरच्या लॅपटॉपमध्ये ती सहसा नसते. तिथे चूक झाल्याची नोंदही राहत नाही.

जुना मजकूर सांभाळणाऱ्यांनी म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पट्टी घेताना तिच्यावरचा ‘एल’ पाहावा आणि आपले यंत्र किती व्होल्ट देते ते विचारावे. नवी जोडी चाचणीतून गेल्याशिवाय तिच्यावर काम सुरू करू नये. आणि तपासून झालेल्या प्रत्येक फाइलचा शा-२५६ हा अंकीय ठसा काढून तो वेगळ्या जागी ठेवावा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा जुळत नाही. मूळ अंकाचे कागद अजून हाताशी आहेत तोवर अशी चूक सापडली, तर दुरुस्तही करता येते.