काळा धूर आणि न दिसणारा धूर

प्रदूषण तपासणीची मुदत जवळ यावी आणि नेमकी तेव्हाच घरची डिझेल जीप चढावर काळा धूर ओकू लागावी, हा अनुभव पुष्कळांस असेल. दोष अनेकदा एका लहानशा झडपेत असतो. कारागीर तिला ‘ईजीआर व्हॉल्व्ह’ म्हणतात. जळालेल्या वायूचा काही अंश ती पुन्हा इंजिनात सोडते. त्यामुळे ज्वलनाची उष्णता आवरली जाते व नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी उपजतात. परंतु त्याच वाटेने काजळीही येते, तेलाच्या वाफेशी मिळून घट्ट बसते आणि झडप उघडीच अडकते. मग इंजिनास शुद्ध हवा अपुरी पडते, ओढ मंदावते व धूर काळा होतो.

“पत्र्याची चकती बसवून वाटच बंद करू,” असे एखादा कारागीर सुचवितो. आम्हांलाही हा सल्ला एकदा गोड वाटला होता! गाडी उत्तीर्णही होते. कारण आपल्याकडील या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची केवळ गडदता मोजतात. एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ४ च्या गाड्यांस ती मर्यादा १.६२ आहे. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची तेथे विचारपूसच नाही. ती डोळ्यांस दिसत नाहीत. अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या छातीत मात्र उतरतात.

त्यापेक्षा इंजिन थंड असताना झडप उतरवून काजळी धुऊन काढावी. विजेच्या भागावर द्रव जाऊ देऊ नये, गॅस्केट नवे घालावे. हवेची गाळणीही पाहावी. इतक्याने न भागल्यास झडपच बदलावी लागते, आणि तो खर्च बोचतो खरा. तपासणीस निघताना मात्र गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन चांगले तापू द्यावे.