वाऱ्याची दिशा : कुठून आणि कुठे?

कृषी हवामान सल्ला पत्रिकेत ‘वाऱ्याची दिशा : नैर्ऋत्य’ असे छापलेले असते. कीटकनाशकासोबतच्या सूचनांमध्ये ‘फवारणी वाऱ्याच्या दिशेने करावी’ असे असते. दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण त्यांतली ‘दिशा’ एक नव्हे. पहिली वारा जिकडून येतो ती, दुसरी तो जिकडे जातो ती. दोन्ही एकच समजून कोणी नैर्ऋत्येकडे तोंड करून फवारू लागला, तर औषध त्याच्याच अंगावर येईल.

वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचे नाव द्यायचे, हा हवामानशास्त्राचा संकेत. अंशांतही नियम तोच. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत गेले की पूर्व ९०, दक्षिण १८०, नैर्ऋत्य २२५, पश्चिम २७०. वातकुक्कुटाची चोचही वारा येतो त्याच बाजूला वळते. सागरी प्रवाहांचा संकेत मात्र उलटा आहे. तिथे पाणी जिकडे जाते ती दिशा सांगतात.

शिवाय हे नाव वाऱ्याच्या उगमाचे नसते, निरीक्षकाच्या जागेपुरते असते. आपले नैर्ऋत्य मोसमी वारे विषुववृत्ताच्या दक्षिणेस आग्नेय वारे असतात. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे ते उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येचे होतात. त्यांचीच बंगालच्या उपसागरावरून गेलेली शाखा पुढे गंगेच्या मैदानात पश्चिमेकडे वळते. म्हणून बिहारात पाऊस आणणारा वारा पूर्वेचा, ‘पुरवैया’ ठरतो. मोसमी पाऊस एकच, पण गावागणिक वाऱ्याची दिशा वेगळी.

‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ या शब्दांत हा घोळ नाही. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. खारा वारा रत्नागिरीला पश्चिमेकडून येतो, विशाखापट्टणमला पूर्वेकडून. तरी दोन्हीकडे तो खाराच. कुठून आणि कुठे, हे दोन्ही त्या शब्दांच्या अर्थातच आहे.

‘नैर्ऋत्य’ या शब्दाला ते जमत नाही, पण मराठीला त्यासाठी नवी संज्ञा घडवायला नको. ‘कडून’ आणि ‘कडे’ ही दोन शब्दयोगी अव्यये पुरेशी आहेत. पत्रिकेत ‘वारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे’ असे छापले, तर जागा थोडी जास्त लागेल. पण पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला वाऱ्याकडे पाठ कशी करायची, हे वाचताक्षणीच कळेल.