सहा तारांचा वाद

फराळाच्या ताटाशी बसून वाद घालण्याची आमच्या घराला जुनी खोड आहे. माझ्या लहानपणी पाडव्याच्या सकाळी वडिलांचे चार-पाच मित्र जमत आणि चिवड्याच्या पहिल्या बकाण्याबरोबरच, भीमसेन मोठे की कुमार गंधर्व, या प्रश्नाला तोंड फुटे. चकल्या संपत, चहाची तिसरी फेरी होई, एखादे काका रागारागाने चपला पायांत सरकवून जिना उतरत. आणि पुढच्या दिवाळीला त्याच मुद्द्यावर पुन्हा हजर होत. वडील गेले, त्यांचे मित्रही पांगले. पण वादाची गादी काही रिकामी राहिली नाही. फक्त दैवते बदलली.

गेल्या पाडव्याला माझ्या भाच्याने करंजी मोडता मोडता जाहीर केले, "मामा, जगात गिटारवादक एकच झाला. जिमी हेंड्रिक्स. बाकीचे सगळे शिकाऊ!"

हा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या खांद्यावर पुस्तकांपेक्षा गिटार अधिक वेळा दिसते. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वृत्ते मोजण्यात आणि उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेलेले. पण गुण देण्याची सवय अशी जडली आहे की, विषय कोणताही असो, परीक्षकाच्या खुर्चीत मी आपोआप जाऊन बसतो. म्हटले, "बाबा रे, तुझा उमेदवार हजर कर. बघू."

हेंड्रिक्सचा जन्म 1942 चा, अमेरिकेतल्या सिॲटलचा. हा मनुष्य डावखुरा. उजव्या हाताची गिटार तो उलटी धरी आणि तारा आपल्या सोयीने फिरवून लावी. अवघ्या 27 व्या वर्षी, 1970 साली, तो लंडनमध्ये वारला. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकाने 2003 साली श्रेष्ठ गिटारवादकांची यादी केली, तेव्हा पहिले नाव त्याचे होते. 2023 साली नवी यादी केली, तेव्हाही पहिले नाव त्याचेच.

"पण त्यानं नवं काय केलं?" मी विचारले.

भाच्याने सांगितले ते मला पटले. गणेशोत्सवाच्या मंडपात माइक चुकून कर्ण्यासमोर गेला की कान फाडणारी किंकाळी उठते, ती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. विजेच्या गिटारीतही तसेच होते. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार हलली की त्यात वीज निर्माण होते आणि तीच वाढवून कर्ण्यातून आवाज काढतात. आता हा आवाज फार मोठा झाला, तर तो उलटा येऊन तारेलाच हलवतो, आणि मग ती न छेडताच गात राहते. बरेचसे वादक या दोषापासून जपून असत. हेंड्रिक्सने त्या दोषालाच सूर केले. 18 ऑगस्ट 1969 च्या सकाळी, वुडस्टॉकच्या संगीतोत्सवाच्या अखेरीस, बरेचसे श्रोते घरी निघून गेले असताना, त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते. मधेच ती धून फाटते, आणि फाटलेल्या जागेतून भोंगे, विमाने, स्फोट ऐकू येऊ लागतात. मग पुन्हा धून सुरू होते. हा वादक स्वतः अमेरिकेच्या छत्रीधारी सैन्यात काही काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे तो नुसता गोंगाट नव्हता, हे मान्य करावे लागते.

एक सूर आणि चार ठोके

माझी पुतणी बँकेत नोकरी करते. बोलते कमी, पण हिशेबाने. ती म्हणाली, "काका, याला शंभर सूर लागतात. माझ्या माणसाला एक पुरतो."

तिचा माणूस म्हणजे बी. बी. किंग, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून वर आलेला, 1925 ते 2015 असे दीर्घ आयुष्य लाभलेला ब्लूज संगीताचा बादशहा. 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट नावाच्या गावी तो वाजवत असताना दोघांत मारामारी जुंपली आणि ऊब देण्यासाठी पेटवलेले रॉकेलचे पिंप कलंडले. नाचघराने पेट घेतला. किंग बाहेर निसटला, आणि गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरला. भांडण ल्युसील नावाच्या बाईवरून झाले, असे नंतर त्याला कळले. असा मूर्खपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण राहावी म्हणून त्याने गिटारीचेच नाव ल्युसील ठेवले. पुढे आलेल्या प्रत्येक गिटारीचे तेच.

नवल असे की, या बादशहाला साथीचे स्वरसमूह वाजवणे फारसे जमत नसे, आणि हे तो स्वतःच मोकळेपणाने सांगे. गाताना तो वाजवत नसे, वाजवताना गात नसे. गळ्याने एक ओळ म्हणायची, आणि तिचे उत्तर गिटारीने द्यायचे. आपल्या मैफलीत गवई थांबला की सारंगी बोलते, तसे. तार पडद्यावर आडवी ओढून तो सूर चढवी, आणि चढलेल्या सुरावर बोट असे थरथरवी की तो सूर माणसाचा वाटावा. सतारीची मींड ऐकलेल्या कानाला हे समजावून सांगावे लागत नाही.

थोरले भाऊजी इतका वेळ अनारसा चावत होते. ते रेल्वेतून निवृत्त झाले असले, तरी तरुणपणी लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत. ते म्हणाले, "तुम्ही सगळे पुढं बसणाऱ्यांची नावं घेता. मागं बसणाऱ्याचं कुणी घेणार की नाही?"

भाऊजींचा उमेदवार आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता. फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या जाझ वाद्यवृंदात हा 1937 साली दाखल झाला आणि 1987 साली मरेपर्यंत तिथेच राहिला. एवढ्या वर्षांत त्याने एकट्याने वाजवले असे प्रसंग अगदी विरळा. विजेचे साहाय्य नाही, पुढे येणे नाही. प्रत्येक आवर्तनात चार ठोके, दर ठोक्याला एक हलका झणत्कार, बस्स. तो झणत्कार कानाला वेगळा ऐकूही येत नसे. पण सारा वाद्यवृंद त्याच्यावर उभा असे. विलंबित ख्यालाला तबल्याचा ठेका धरणारा जसा असतो, तसा. त्याने हात सोडून तुकडे घेतले तर टाळ्या मिळतील, पण ख्याल कोसळेल.

"पन्नास वर्षं मोह आवरायचा," भाऊजी म्हणाले, "याला किती गुण देणार, बोला!"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

गुत्त्यातून रंगमंचावर

आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच मत नोंदवले, "सेगोव्हिया." मुलाला शिकवणी लावली तेव्हापासून ही शिक्षकांच्या बरोबरीने ऐकत आली आहे.

आंद्रेस सेगोव्हिया हा स्पेनमधल्या लिनारेसचा; जन्म 1893, मृत्यू 1987. त्याच्या तरुणपणी गिटार म्हणजे गुत्त्यात किंवा मित्रांच्या बैठकीत वाजवायचे वाद्य, अशीच पुष्कळांची समजूत होती. बाख या थोर जर्मन रचनाकाराने व्हायोलिनसाठी लिहिलेली 'शाकोन' ही अत्यंत अवघड रचना सेगोव्हियाने गिटारीवर उतरवली आणि 1935 साली पॅरिसमध्ये वाजवून दाखवली. त्याने ध्वनिवर्धक कधी जवळ केला नाही. तीच तार घोडीजवळ छेडली तर धातूसारखी खणखणते, भोकावर छेडली तर मऊ बोलते. नखाने एक रंग, बोटाच्या मांसाने दुसरा. एवढ्या सामग्रीवर त्याने एका वाद्यात अनेक वाद्ये वसवली. तंत्रज्ञ त्याच्यापेक्षा अधिक सफाईदार पुढे कितीतरी झाले असतील. पण ज्या रंगमंचावर ते बसतात, तो झाडून ठेवणारा हा होता.

आता माझी पाळी. मी जँगो राइनहार्टचे नाव घेतले. बेल्जममध्ये 1910 साली जन्मलेला हा भटक्या जमातीचा मुलगा. घर म्हणजे चाकांवरची गाडी. 1928 च्या नोव्हेंबरात, तो 18 वर्षांचा असताना, एका रात्री त्या गाडीला आग लागली. त्याची बायको विकण्यासाठी बनवीत असलेली कृत्रिम फुले भरभर पेटली. जँगोच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे भाजून आखडली. गिटारवादकाचा डावा हात म्हणजे गवयाचा गळा! बिछान्यावर पडल्यापडल्या त्याने उरलेल्या बोटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. 1934 साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर त्याने पॅरिसमध्ये स्थापलेल्या पंचकाने युरोपचे जाझ बदलून टाकले. लिहिलेली स्वरलिपी त्याला वाचता येत नसे. 1953 साली, 43 व्या वर्षी, तो गेला.

त्याच्या गोष्टीला एक शेपूट आहे. 1965 च्या सुमारास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी नावाच्या 17 वर्षांच्या कामगाराची दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली. तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. त्याने गिटार सोडायचे ठरवले. तेव्हा कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगोची तबकडी ऐकवली आणि मग सांगितले, की हा दोन बोटांनी वाजवतो आहे. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, पुढे तारा सैल लावल्या, आणि त्याच्या 'ब्लॅक सॅबथ'च्या त्या जड, खोल आवाजातून रॉक संगीताचा एक नवा पंथ निघाला. एक तबकडी वेळेवर ऐकवली गेली, एवढेच.

आईचे मत

"आई, तुझं मत?" पुतणीने गमतीने विचारले. आम्हां सर्वांच्या पाहाण्यात आईने गिटार हा शब्दसुद्धा कधी उच्चारला नव्हता. आणि नात आजीला आमच्यासारखीच आई म्हणते.

आई म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही. यांची ती काश्मीरची तबकडी होती ना, संतूर आणि बासरीची, त्यात आणखी एक कुणीतरी होता. तो मला आवडायचा. सतारीसारखा, पण लांब सूर धरणारा."

भाऊजी ताडकन म्हणाले, "अहो, ती गिटारच!"

ती तबकडी म्हणजे 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली'. काश्मिरी मेंढपाळाच्या एका दिवसाची कहाणी. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आणि तो 'आणखी एक कुणीतरी' म्हणजे जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादाचा तुकडा फिरवण्याची रीत निघाली. तिचे श्रेय जोसेफ केकुकू या तरुणाला देतात. पोलाद तारेवरून सरकते, म्हणून पडद्यांची कुंपणे उरत नाहीत, आणि मींड मोकळी वाहते. काबरांनी नेमके हेच हेरले आणि त्या वाद्यावर राग उभे केले. हीच वाट पुढे विश्वमोहन भट्टांनी मोहनवीणेपर्यंत नेली आणि 1994 साली राय कूडरबरोबर ग्रॅमी पारितोषिक मिळवले. काबरा 2018 साली गेले. वडिलांच्या त्या तबकडीवर त्यांचे नाव छापलेले होते; पन्नास वर्षांत आमच्या घरात ते कुणी वाचले नव्हते.

"पण आई, तो मोठा का?" भाच्याने हेका धरला.

"त्याचं संपलं की तुझे आजोबा लगेच तबकडी उलटत नसत," आई म्हणाली. "थोडा वेळ तसंच बसायचे."

माझा हिशेब

वाद तिथे थांबला. माझा मात्र थांबला नाही. बारा वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी वाद्यवादन स्पर्धेचा परीक्षक होतो. गुणपत्रिकेत वेग, अचूकता, तयारी असे रकाने होते. एका मुलाने गिटारीवर असा धबधबा सोडला की सभागृह शिट्ट्यांनी दणाणले. पहिले बक्षीस त्याला. दुसरा एक सडपातळ मुलगा पाच मिनिटे एकच साधी धून वाजवीत होता, दोन सुरांमध्ये भरपूर जागा सोडून. त्याचा क्रमांक शेवटचा लागला. निकालानंतर तो माझ्यापाशी आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, मी हळू वाजवलं ते मुद्दाम."

आणि मी, कवितेतील यतीचे महत्त्व वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणारा मी, चार जणांच्या देखत म्हणालो, "मग बक्षीसही हळूहळूच मिळेल!" सगळे हसले. तोही हसला. पुढची दोन वर्षे तो वर्गात दिसे. गिटार घेऊन तो मला पुन्हा दिसला नाही.

माझ्या विनोदामुळेच त्याने गिटार सोडली, असे मी म्हणत नाही. तेवढे महत्त्व स्वतःला देणे हाही गर्वच. पण बर्मिंगहॅमच्या त्या मुकादमाची गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळली, ती या मुलामुळे. त्याने एक तबकडी ऐकवली. मी एक कोटी केली.

वेग हा दोष नव्हे. जँगो दोन बोटांनी विजेसारखा धावे. पण तो धावे तेव्हा त्याला कुठेतरी पोचायचे असे. आणि किंग थांबे तेव्हा तिथे थांबण्यासारखे काही असे. हेंड्रिक्सची किंकाळी, ग्रीनचे मौन, सेगोव्हियाचा मऊ झणत्कार, काबरांची मींड, या सर्वांत एकच गोष्ट समान आहे: तो सूर तिथे का आला, हे वाजवणाऱ्याला ठाऊक आहे. त्या मुलालाही ठाऊक होते. त्याने मला ते सांगितलेसुद्धा.

या वर्षी संमेलनाच्या परीक्षकांत पुन्हा माझे नाव आहे. गुणपत्रिकेचे रकाने तेच आहेत, आणि ते बदलण्याचा अधिकार मला नाही. पण प्रत्येक स्पर्धकाचे वाजवणे संपले की पेन उचलण्यापूर्वी थोडा वेळ तसेच बसायचे, एवढे मी ठरवले आहे. भाच्याला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, पण पहिला नंबर हेंड्रिक्सचाच!"

चला, म्हणजे पुढच्या पाडव्याचीही सोय झाली.